गिअर पडत नाही : दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

"गिअर पडत नाही" एवढंच सांगून मालक गाडी गॅरेजात सोडून जातो. या तक्रारीचं मूळ पेडलखाली सरकलेल्या पायपुसण्यापासून गिअरबॉक्समधल्या झिजलेल्या पितळी रिंगपर्यंत कुठेही असू शकतं. पायपुसणं मागे ओढायला काही खर्च नाही. पितळी रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागतो. या दोन टोकांच्या मध्ये तुटत आलेली केबल, गळका सिलिंडर, संपलेली क्लच प्लेट, सैल झालेलं माउंटिंग आणि चुकीचं गिअर ऑइल असे अनेक संशयित आहेत.

यातल्या बहुतेक दुरुस्त्यांत भागापेक्षा मजुरी जड असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाडीची क्लच प्लेट बदलायची झाली, तरी आधी ॲक्सल काढावे लागतात, गिअरबॉक्स सोडवून खाली घ्यावा लागतो आणि काम झाल्यावर सगळं पुन्हा चढवावं लागतं. अर्धा दिवस सहज जातो. एवढं उघडल्यावर दोष बाहेरच्या केबलचा होता असं निघालं, तर मजुरी वाया गेलेली असते आणि "आता उतरवलाच आहे तर" म्हणून नवा क्लच सेटही बसलेला असतो. निदान आधी व्हायला हवं ते यासाठी. सुदैवाने त्यातलं बरंचसं ड्रायव्हरच्या सीटवर बसून, एकही नट न सोडवता करता येतं.

पेडल दाबल्यावर आत काय होतं

इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील असतं आणि ते इंजिनाबरोबर सतत फिरतं. त्याला प्रेशर प्लेटचं कव्हर बोल्टने आवळलेलं असतं. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट असते. लहान गाडीत तिचा व्यास साधारण १८ ते २० सेंटिमीटर असतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर रिव्हेटने बसवलेलं असतं. प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग काहीशे किलोच्या जोराने या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. क्लच प्लेटच्या मधल्या भोकात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट असतो. म्हणून प्लेट दाबलेली आहे तोवर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जात राहते.

पेडल दाबलं की केबल किंवा ऑइलचा दाब एका फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे सरकवतो आणि बेअरिंग डायफ्रॅमच्या बोटांवर टेकतं. दाब निघतो, प्लेट मोकळी होते आणि इनपुट शाफ्ट इंजिनापासून सुटतो. प्रेशर प्लेटची ही माघार मिलिमीटरमध्ये मोजण्याइतकी लहान असते. त्यामुळे पेडलपासून बेअरिंगपर्यंतच्या वाटेवर थोडी जरी हालचाल हरवली, तरी क्लच पूर्ण सुटत नाही.

आता गिअरबॉक्स. पुढे जाण्याच्या गिअरचे दात एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. दांडा हलवल्यावर सरकते ती स्लीव्ह, आणि ती हव्या त्या गिअरला शाफ्टशी जोडते. जोडणी होण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो. ते काम सिंक्रो रिंग करते. ही बहुधा पितळी रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून वेग जुळवते आणि तो जुळेपर्यंत स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याची ही सिंक्रोमेशची युक्ती १९२८ मध्ये प्रथम कॅडिलॅक मोटारीत आली. त्याआधी वेग जुळवण्याचं काम ड्रायव्हरच्या पायाला आणि कानाला करावं लागे. आजही अनेक गाड्यांच्या रिव्हर्स गिअरला सिंक्रो रिंग नसते. निदानात या उणिवेचाच आपल्याला उपयोग होणार आहे.

पहिली चाचणी : इंजिन बंद, मग चालू

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद ठेवा. क्लच दाबून पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये दांडा फिरवून पाहा. एखाद्या वेळी दात दातासमोर आले तर गिअर अडेल. हँडब्रेक क्षणभर सोडून गाडी किंचित ढकला, मग पडेल. आता न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा आणि ब्रेकवर पाय ठेवून तेच पुन्हा करा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू असताना पहिला नि रिव्हर्स अडतात, असं झालं तर गिअरबॉक्सवरचा संशय तूर्त बाजूला ठेवा. क्लच पूर्ण सुटत नाही. प्लेट थोडीशी घासत राहिल्याने इनपुट शाफ्ट फिरतच राहतो आणि फिरत्या शाफ्टवर गिअर जोडायला जावं तर तो कुरकुरतो.

इंजिन बंद असतानाही दांडा घट्ट असेल, तर अडचण दांडा ते गिअरबॉक्स या वाटेवर किंवा गिअरबॉक्सच्या आत आहे. जुन्या प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसडरमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे. तिथून खालपर्यंत येणाऱ्या रॉड आणि सांध्यांतलं एखादं बुश झिजलं की गिअर सापडेनासा होई. आजच्या गाड्यांत बहुधा गिअर केबल असतात. पण प्लॅस्टिकचं बुश तुटणं आणि केबलमध्ये गंज शिरणं काही थांबलेलं नाही. बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या टोकाची केबल सोडवली आणि तिथला लीव्हर हाताने सहज हलला, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे.

दुसरी खूण रिव्हर्सची. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा आणि चार-पाच सेकंद थांबा. क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात इनपुट शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. थांबूनही 'खर्रर्र' झालं, तर शाफ्ट अजून फिरतोय. घाईत टाकलेला रिव्हर्स वाजला तर मात्र तो दोष मानू नका.

क्लच सुटत नसेल तर

सुरुवात सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून करावी. कंपनीच्या पायपुसण्यावर रबरी मॅट, तिच्यावर नवी जाड मॅट, असे थर बऱ्याच गाड्यांत असतात. पेडल तळाला टेकल्यासारखं वाटतं, पण खरं तर ते मॅटवर अडलेलं असतं. सगळं काढून पुन्हा चाचणी घ्या.

मारुती ८००, ऑल्टो यांसारख्या लहान गाड्यांत क्लचची केबल असते. ती ताणली गेली की पेडलचा वरचा बराच प्रवास फुकट जातो आणि क्लच अगदी तळाशी सुटतो. बऱ्याच केबलवाल्या गाड्यांत हा फुकटचा प्रवास, म्हणजे फ्री प्ले, दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. हा फ्री प्ले फोर्ककडच्या नटाने कमी-जास्त करता येतो. पेडल दिवसेंदिवस जड होत असेल किंवा दाबताना करकर जाणवत असेल, तर केबलच्या आतल्या तारा एकेक करून तुटत असण्याची शक्यता असते. घाटात अडकण्याआधी ती बदलून घ्यावी.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलपाशी मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर असतो. अनेक गाड्यांत त्यांचं ऑइल ब्रेकच्याच बाटलीतून येतं. पेडल एकदा दाबून गिअर पडत नाही, पण भराभर तीन-चार वेळा पंप केल्यावर पडतो, असं असेल तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे किंवा कुठेतरी गळती आहे. आणखी एक चाचणी : ब्रेक घट्ट दाबून, पहिला गिअर टाकून, क्लच मिनिटभर दाबून धरा. पायाचा दाब तोच असूनही गाडी पुढे ओढू लागली, तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी सीलवरून दाब निसटतो आहे. अशा वेळी बाहेर थेंबही दिसत नाही. बाहेरची गळती शोधायची तर पेडलच्या वरच्या भागाला बोट लावून पाहा आणि स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट किंचित मागे ओढा. ओल लागली की दोष सापडला. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या घुमटातच, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळला तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत वेगळंच दुखणं निघतं. दमट हवेने फ्लायव्हील गंजतं आणि प्लेट त्याला चिकटते. पेडल नेहमीसारखं लागतं, केबल ठीक असते, पण गिअर काही केल्या पडत नाही. "काल-परवापर्यंत चालू होती की दोन महिने उभी होती?" हा प्रश्न मेकॅनिकने विचारला नाही, तर आपण होऊन सांगावं.

क्लच स्लिप मारत असेल तर

हा उलटा आजार. इथे प्लेट सुटते व्यवस्थित, पण पकडत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र तिथेच. सुरुवातीला हे वरच्या गिअरमध्ये, चढावर आणि भरलेल्या गाडीत जाणवतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गावात फिरताना काहीच कळत नाही. म्हणून मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साधारण ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. टॅकोमीटरचा काटा झटकन वर गेला आणि वेगाचा काटा मागे राहिला, तर प्लेट घसरते आहे.

उभ्या गाडीत करायची चाचणीही आहे. समोर-मागे कुणी नाही याची खात्री करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर पकड शाबूत आहे. क्लच पूर्ण सोडूनही ते धडधडत राहिलं तर प्लेट संपली. ही चाचणी एकदाच करायची. वारंवार केली तर उरलेली प्लेटही जळते.

प्लेट अकाली संपण्याचं मोठं कारण म्हणजे हाफ क्लच. खंबाटकी घाटात रांग लागली आहे आणि चालक ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतो आहे, असं धरा. माणसांसकट ११०० किलोची गाडी, दर दहा मीटरला एक मीटर चढ आणि इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर. पहिल्या गिअरच्या गुणोत्तराने हिशेब केला, तर प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये सुमारे ३ किलोवॉट उष्णता तयार होते. बाथरूममधला इन्स्टंट गीझर एवढ्याच ताकदीचा असतो. फरक इतकाच की गीझरमध्ये उष्णता वाहून न्यायला पाणी असतं, इथे ती बंदिस्त घुमटात प्लेटवरच साठते. जळक्या अस्तराचा तो उग्र वास घाटाच्या रांगेत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये थांबणं आणि निघताना क्लच पकडू लागल्यावर हँडब्रेक सोडणं, एवढ्याने हे सगळं टळतं.

नवी प्लेट टाकूनही काही महिन्यांत स्लिप सुरू झाली, तर तिच्यावर तेल आलं आहे का ते पाहावं. इंजिनाचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळत असेल, तर कितीही चांगली प्लेट टाका, टिकणार नाही. केबल गरजेपेक्षा ताणून ठेवली असेल, तरी बेअरिंग प्रेशर प्लेटला सतत थोडं दाबत राहतं आणि प्लेट घसरते. अशा वेळी दोन मिनिटांत फ्री प्ले सोडला की काम होतं.

थरथर आणि आवाज

पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरत निघत असेल, तर प्लेटवर तेल, काचेसारखं गुळगुळीत झालेलं अस्तर किंवा तापून डाग पडलेलं फ्लायव्हील ही कारणं असतात. पण तुटलेलं इंजिन माउंटिंगही हुबेहूब असाच धक्का देतं. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना गिअरचा दांडाही पुढे-मागे उडत असेल, तर आधी माउंटिंग बघा. ते बाहेरूनच बदलता येतं.

आवाजाचं निदान पेडलच्या मदतीने करायचं. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. पेडलवर पाय नुसता टेकवून किंचित दाबताच घरघर किंवा किर्र आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग गेलं. पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, असं असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये थोडी खडखड बऱ्याच गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये असतेच. तीच खडखड इंजिन सुरू-बंद करताना मोठी येऊ लागली आणि गाडीत दुहेरी वजनाचं फ्लायव्हील असेल, तर ते तपासायला सांगावं. अशा फ्लायव्हीलचे दोन भाग स्प्रिंगांनी जोडलेले असतात आणि ते साध्या फ्लायव्हीलपेक्षा बरंच महाग असतं.

खरंच गिअरबॉक्सचा दोष असेल तर

गिअरबॉक्सचा दोष सहसा एका गिअरपुरता असतो. क्लच सुटत नसेल तर सगळेच गिअर कमी-अधिक त्रास देतात, रिव्हर्स सर्वांत जास्त. मात्र बाकी सगळं सुरळीत असून फक्त दुसरा किंवा फक्त तिसरा गिअर टाकताना दात वाजत असतील, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली आहे. खात्रीसाठी जुन्या ट्रक ड्रायव्हरांची पद्धत वापरावी. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून पुन्हा दाबा, मग गिअर. खालच्या गिअरला येताना मधल्या वेळी ॲक्सिलरेटरला हलका टोला द्या. असं केल्यावर तोच गिअर निमूट पडला, तर वेग जुळवण्याचं काम रिंगला जमत नाही हे सिद्ध झालं.

चालत्या गाडीत गिअर निसटून न्यूट्रलला येत असेल, तर झिजलेले दात, गिअरबॉक्समधला फोर्क, दांड्याची चुकीची जुळणी किंवा सैल माउंटिंग यांपैकी काहीतरी असतं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर हे जास्त होतं. इंजिनाचा रोध ऐन घाटात नाहीसा होणं धोक्याचं आहे. अशी गाडी हाताने दांडा धरून चालवू नये, दुरुस्त करून मगच घाटात न्यावी.

थंडीच्या दिवसांत सकाळी पहिली काही मिनिटं दुसरा गिअर जड पडतो आणि गाडी तापल्यावर हलका होतो, याला बहुधा घट्ट झालेलं गिअर ऑइल कारण असतं. इथे ऑइलचा प्रकार महत्त्वाचा आहे. पितळी सिंक्रो रिंगांच्या बहुतेक गिअरबॉक्सना जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलेलं असतं. "हे जास्त भारी" म्हणून जीएल-५ ओतलं, तर काही ऑइलांतली रसायनं पितळेला मानवत नाहीत आणि जास्तीचा बुळबुळीतपणा रिंगची पकड कमी करतो. ऑइल काढताना ते बोटावर घेऊन उजेडात धरा. सोनेरी चकाकी दिसली तर पितळ झिजतंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळा लेप असणं स्वाभाविक आहे. तुकडे किंवा टोकदार कण असतील तर गिअरबॉक्स उघडायची वेळ आली आहे.

गिअरबॉक्स उतरल्यावर काय पाहावं

शक्य असेल तर त्या वेळी गॅरेजात हजर राहा. जुनी प्लेट हातात घ्या. अस्तर रिव्हेटच्या डोक्यापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर वर उरलं असेल, तर बदलणं योग्यच आहे. मधल्या स्प्रिंगा सैल आहेत का, एका बाजूला तेलाचे डाग आहेत का ते पाहा. तेल असेल तर सील बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू देऊ नका. प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅमची बोटं मधोमध सारख्या उंचीवर हवीत. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि केसासारख्या भेगा दिसल्या, तर नुसतं पॉलिश पेपरने घासून ते परत बसवणं म्हणजे थरथर विकत घेणं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तीनही भाग एकत्र बदलावेत. तीनशे-चारशे रुपये वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं आणि ते पुढे वाजू लागलं, तर पुन्हा तीच पूर्ण मजुरी द्यावी लागते.

मेकॅनिकला काय सांगाल

"गिअर पडत नाही" एवढ्यावर थांबू नका. कोणता गिअर, इंजिन बंद असताना पडतो का, गाडी थंड असताना त्रास होतो की तापल्यावर, पेडल पंप केल्यावर फरक पडतो का आणि आवाज पेडल दाबताना येतो की सोडताना, ही पाच उत्तरं कागदावर लिहून न्या. चांगल्या मेकॅनिकचं काम त्याने सोपं होतं आणि अंदाजाने भाग बदलणाऱ्याला चाप बसतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडत असतील आणि तरीही कुणी गिअरबॉक्स खोलायला निघाला, तर होकार देण्याआधी पेडल, केबल आणि ऑइल तपासल्याचं त्याच्या तोंडून ऐका. तसं तो सांगू शकत नसेल, तर किल्ली परत मागा.